राहून गेलेला सलाम

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली आमच्या इसिक-कूल तळ्याच्या दक्षिण काठावर जर्दाळू इतके पिकले, की फांद्यांना टेकू देऊन देऊन लोकांकडची लाकडं संपली. अंगणात, छपरांवर, चटयांवर, जिथे जागा मिळेल तिथे जर्दाळू वाळत पडले होते आणि अख्ख्या कोक-बुलुन गावाला तो गोड, किंचित आंबूस वास येत होता. त्याच उन्हाळ्यात जार्किनने मेदेरला पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं तेही उलटं... डोकं खाली, पाय वर, आभाळावरून चालत येताना.

यात तिचा काही दोष नव्हता. त्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं जग उलटंच दिसायचं. डोंगर खाली लोंबायचे, तळं वर पसरायचं, आणि काळ्या कापडात डोकं घालून जार्किन त्या उलट्या जगात सूर्य बुडायची वाट पाहत बसायची.

जार्किन तेव्हा बावीस वर्षांची होती. जिल्ह्याच्या गावी सरकारी फोटो स्टुडिओत काम करायची. आठवडाभर ओळखपत्रांचे ताठरलेले चेहरे आणि शाळेच्या वर्गांच्या रांगा. शनिवारी दुपारच्या बसने घरी. स्टुडिओत नवा कॅमेरा आला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने हा जुना कॅमेरा आणि पेटीभर उरलेल्या फोटोच्या काचा तिला देऊन टाकल्या होत्या. काचा फार मंद होत्या. कोरड्या जमिनीत पाणी मुरावं तसा त्यांच्यात प्रकाश सावकाश मुरायचा. संध्याकाळच्या वेळी तर भिंगावरचं झाकण काढून कितीतरी वेळ थांबावं लागे. तो वेळ जार्किन आजीच्या अंगाईने मोजायची. अंगाई मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून झाली की झाकण लावायचं. अशा फोटोत लाटा उमटतच नसत. तळं दुधावरच्या सायीसारखं गुळगुळीत दिसे. तसा एक तरी मनासारखा फोटो मिळावा म्हणून ती दर शनिवारी त्या मोडक्या धक्क्यापाशी येऊन उभी राहायची.

आणि नेमकं त्या दिवशी, सूर्य डोंगराला टेकलेला असताना, तो उलटा माणूस हातात बादली घेऊन तिच्या तळ्यात शिरला.

"अहो, जरा बाजूला व्हा," ती कापडाखालूनच म्हणाली.

तो दचकून थांबला. त्याला बहुधा तीन पायांचं, काळ्या कापडाचं आणि बाईच्या आवाजात बोलणारं एखादं जनावर दिसलं असावं. मग हसून म्हणाला, "माझी गाडी तापलीये. तिला पाणी पाजलं नाही तर जर्दाळूंचा मुरंबा होईल. तळं काही तुमच्या एकटीचं नाही ना?"

"तळं सगळ्यांचं आहे. उजेड मात्र फार थोडा उरलाय."

"मग काढा की फोटो. मी येईन त्यात. माझ्या आईकडे माझा एकही फोटो नाही."

तो काही ऐकेना. सामुदायिक शेतीचे जर्दाळू रिबाच्येच्या गोदामात पोहोचवणारा तो ड्रायव्हर, नाव मेदेर, तोंडाचा पट्टा सतत चालू आणि पायाला भिंगरी. उजेड तर विझत चालला होता. शेवटी जार्किनने वैतागून झाकण काढलं. त्याने तेवढ्यात रस्त्यावरच्या गाडीपासून पाण्यापर्यंत तीन खेपा घातल्या, दर खेपेला धक्क्यासमोर थांबून केस नीट केले, आणि जाताना बजावलं की पुढच्या शनिवारी याच वेळी येईन, माझे तिन्ही फोटो तयार ठेवा.

तो खरंच आला. जार्किनने काही न बोलता फोटो त्याच्या हातात दिला. पलीकडचे बर्फाचे डोंगर होते, धक्का होता, सायीसारखं तळं होतं. माणूस कुठेच नव्हता.

मेदेरने फोटो उजेडाकडे धरला, तिरका धरला, मागे उलटून पाहिला.

"मी कुठाय?"

"नाहीत."

"तीन वेळा गेलो की मी इथून. बादली घेऊन."

"जे एका जागी थांबत नाही, ते या काचेवर उमटत नाही."

तो क्षणभर गप्प झाला. गप्प झाला की त्याच्या डाव्या गालावर एक बारीकशी खळी पडायची, हे जार्किनने त्याच दिवशी पाहून ठेवलं. मग तो म्हणाला, "माझी आई नेमकं हेच म्हणते. फक्त ती म्हणताना हातात लाटणं असतं." आणि त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की या काचेवर उमटल्याशिवाय आपण हा रस्ता सोडणार नाही.

मग उन्हाळाभर असे शनिवार येत राहिले. मेदेर कधी कालपाक टोपीतून जर्दाळू आणायचा, कधी वाटेत कुणीतरी दिलेली वाळवलेली चेबाक मासळी. रस्त्यावरच्या इतर गाड्यांच्या आवाजातून त्याच्या गाडीची खडखड जार्किनला ओळखू येऊ लागली. ती ऐकू आली की ती मुद्दाम कापडाखाली डोकं घालायची, म्हणजे चेहऱ्यावरचं काही त्याला दिसायला नको. तो येऊन धक्क्याच्या टोकाला बसायचा, आता मुळीच हलणार नाही म्हणायचा, आणि अंगाईचं पहिलं कडवं संपायच्या आत कानाशी डास तरी यायचा, नाहीतर त्याला काहीतरी सांगायचं तरी आठवायचं. एकदा त्याने बूट काढून बाजूला ठेवले होते. फोटोत ते बूट लेससकट लख्ख उमटले, आणि त्यांच्याशेजारी नुसता धुरासारखा एक पुंजका.

हा फोटो जार्किनच्या थोरल्या भावाच्या बायकोला, बातमाला, सापडला. आमच्याकडे नणंदेची गुपितं राखणं हे भावजयीचं, म्हणजे जेंगेचं, कामच असतं. चिडवणंही तिचंच. पीठ भिजवता भिजवता बातमा हसून हसून खाली बसली.

"नवऱ्यामुलाचे बूट तर पोहोचले बाई," ती म्हणाली. "आता नवरामुलगा कधी येतोय ते बघू या."

"जेंगे, हळू बोला... आके ऐकतील."

आके म्हणजे जार्किनचे वडील, तुर्दाकून. सामुदायिक शेतीचे घोडे त्यांच्याकडे होते. घोड्यावरचा माणूस कसा बसलाय यावरून त्याच्या सात पिढ्या सांगणारा हा माणूस रीतीभातींच्या बाबतीत सुरीसारखा होता. धाकट्याने थोरल्याला आधी सलाम करायचा, छातीवर हात ठेवून, तब्येत विचारून. आणि थोरल्याच्या समोरून कधी आडवं जायचं नाही. हे ज्याला कळत नाही, त्याला आणखी काय कळणार, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मेदेर आला तो वेगळाच दिसत होता. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. जर्दाळूंचा हंगाम संपला होता, ही त्याची या रस्त्यावरची शेवटची खेप होती.

"आज मी उमटलो," तो म्हणाला, "तर तुला एक विचारायचंय."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. जार्किनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि तीन पायांचे स्क्रू उगाचच पुन्हा आवळले.

"आणि नाही उमटलात तर?"

"तर माणूस म्हणून माझी काही किंमतच नाही असं समजून निघून जाईन. तू ती अंगाई मोठ्याने म्हण ना आज. किती वेळ उरलाय ते कळलं तर मला उभं राहता येईल."

तो धक्क्यावर गेला, एका खांबाला पाठ टेकवून तळ्याकडे बघत उभा राहिला. वारा येऊ नये म्हणून कॅमेरा काठावरच्या काटेरी झुडपांच्या आडोशाला लावलेला होता. पाणी आधी तांबूस झालं, मग जांभळं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही, असं त्याला बजावून जार्किनने झाकण काढलं आणि हळू आवाजात अंगाई सुरू केली.

त्या दिवशी मेदेर हलला नाही. डास आले, हलला नाही. एक बदक त्याच्या पायांपाशी येऊन चोच मारून गेलं, हलला नाही. जार्किनचा आवाज कापायला लागला, कारण हा बोलका माणूस गप्प उभा आहे तो कशासाठी, हे तिला कळलं होतं आणि आता कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती...

तेवढ्यात टापा वाजल्या.

त्या घोड्याची चाल तिला लहानपणापासून पाठ होती. ती गाता गाता थांबली आणि झुडपामागे खाली बसली. आके दिवसभराचं काम संपवून काठाच्या पाऊलवाटेने घरी निघाले होते. धक्क्यापाशी एक तरणाबांड मुलगा उभा दिसला तसा त्यांनी घोड्याचा वेग कमी केला, सलामाला जागा दिली. सलाम आला नाही. ते थांबले. खाकरले. तरी काही नाही. मग त्यांनी, थोरल्याने, धाकट्याला आपणहून विचारलं, की कुणाचा मुलगा तू?

मेदेर तळ्याकडे बघत राहिला. गाणं मध्येच तुटलं होतं. संपलं की नाही ते त्याला कळायला मार्ग नव्हता. जार्किनने ओठ दाताखाली धरले. आता ओरडावं, तर आकेंच्या देखत एका परक्या मुलासाठी झुडपातून उठून उभं राहायचं. आणि काच... काच तर वाया जाणारच. ती तशीच बसली आणि मनातल्या मनात उरलेलं कडवं म्हणत राहिली.

आकेंनी लगाम असा खेचला, की घोडा जागच्या जागी फिरला. टापा दूर गेल्या.

झाकण लावून ती धक्क्यावर धावत आली, तेव्हाही तो तसाच होता. फक्त ओठ हलले. "झालं?"

"झालं."

"उमटलो?"

"ते पुढच्या शनिवारी कळेल. मेदेर, ते माझे आके होते."

मेदेरने मान वळवून रिकाम्या वाटेकडे पाहिलं. मग मटकन खाली बसला. "हे आधी सांगायचं असतं, बाई," तो म्हणाला. "कुणीतरी मोठं माणूस आलंय हे मला कळत होतं. माझा हात छातीकडे निघाला होता. मी माझ्याच हाताला धरून ठेवलं. तू हलू नको म्हणाली होतीस."

त्या रात्रीच्या जेवणात आकेंनी घास खाण्याऐवजी तो मुलगाच चघळला. धक्क्याच्या लाकडासारखा उभा होता म्हणे, मीच आपणहून विचारलं तरी ढिम्म. जार्किनला चहाचा ठसका लागला. बातमाने तिच्या पाठीवर थोपटलं, जरा जास्तच जोरात.

पुढच्या शनिवारी मेदेर रिकामी गाडी घेऊन आला. काचेवर तो उमटला होता. सदऱ्याची बटणं, गालाची खळी, कपाळावर आलेली बट... मागे तळं आणि आभाळ एक झालेलं, आणि त्यात हा एकटाच माणूस कोरल्यासारखा. जार्किनने इतका सुंदर फोटो आयुष्यात कधी काढला नव्हता. मेदेर तो किती वेळ तरी बघत राहिला.

"काय विचारायचं होतं?" ती म्हणाली.

"विसरलो."

"खोटं."

"तुला झुमके आवडतात का?"

आमच्याकडे मुलाची आई येऊन मुलीच्या कानात झुमके घालते, की लग्न ठरलं. जार्किन पाण्याकडे बघत म्हणाली, "कान तर मी कधीचे टोचून ठेवलेत."

मेदेरची आई आणि मामा सप्टेंबरात आले. गाडी मेदेरच चालवत होता. आकेंनी पाहुण्यांना मानाने आत घेतलं, रीतीप्रमाणे भाकरी पुढे केली, चहा ओतला, आणि मग गाडीपाशी छातीवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलाकडे त्यांची नजर गेली. त्याचा सलाम त्यांनी ऐकला. उत्तर दिलं नाही.

पाहुण्यांना त्यांनी एकही कठोर शब्द ऐकवला नाही. भाकरी मोडा, चहा घ्या, म्हणाले. तुमचं घर चांगलं आहे, पण माझी मुलगी या मुलाला मिळणार नाही. थोरल्याने विचारलेल्या शब्दाला उत्तर न देणारा माणूस उद्या माझ्या मुलीच्या शब्दाला काय उत्तर देणार? मेदेरच्या आईने रुमालात बांधलेले झुमके पुन्हा कनवटीला लावले. मेदेर तोंड उघडू लागला तसा मामाने त्याला गाडीत बसवलं. खडखड आवाज करत गाडी वळणाआड गेली, आणि घरात इतकी शांतता झाली, की चहाच्या समोवारातल्या पाण्याचं कुजबुजणंही ऐकू येऊ लागलं.

जार्किन रडली नाही. तिने आतून तो फोटो आणला आणि आकेंच्या समोर ठेवला.

आकेंनी चष्मा पुसून पाहिलं. हाच तो, म्हणाले. मग त्यांचं बोट फोटोतल्या वाटेवर गेलं. "मी इथे होतो. घोडा इथे होता. कुठाय?"

"तुम्ही हलत होता, आके. हलतं ते उमटत नाही. तो उमटावा म्हणून उभा होता. मी सांगितलं होतं त्याला तसं. मी झुडपामागे होते."

"म्हणजे त्याने मला सलाम केला नाही, आणि तू मला पुसूनच टाकलंस," आके म्हणाले.

मुलगी तिथे होती हे ऐकून त्यांचा पारा आणखी चढायला हवा होता. पण आकेंना आता दुसऱ्याच गोष्टीने पकडलं होतं. एका फोटोपायी सलाम राहून जाईल, हे त्यांना पटेना. हात छातीशी न्यायला, एक शब्द बोलायला असा किती वेळ लागतो? ते म्हणाले, लाव तुझं ते तीन पायांचं घोडं. मी उभा राहतो. प्रत्येकाचा सलाम घेईन, प्रत्येकाला उत्तर देईन, आणि तुझ्या काचेवर उमटूनही दाखवीन.

"आणि नाही उमटलात तर?" बातमा दारातून म्हणाली. सासऱ्याशी सुनेने इतकं थेट बोलायची पद्धत नव्हती, पण तिने बोलून टाकलं.

"तर त्या पोराच्या आईला निरोप धाडा," आके म्हणाले. आपण हरणार नाही याची त्यांना पुरेपूर खात्री होती.

कोक-बुलुनमध्ये बातमी पसरायला वारा लागत नाही. शनिवारी आके चांगला चापान झगा आणि पांढरा कालपाक घालून धक्क्यावर उभे राहिले, तर निम्मं गाव त्याच वाटेने घरी निघालेलं. जो तो सलाम करतोय, घोड्यांची चौकशी करतोय, गुडघ्याचं दुखणं विचारतोय. आकेंनी एकालाही सोडलं नाही. आठवड्याने फोटो आला. चापान सुरेख आला होता, त्याच्यावरची नक्षीसुद्धा मोजता येत होती. वर कालपाकाच्या जागी ढग होता, आणि ढग नि चापान यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

बिनडोक्याचा तुर्दाकून बघायला लोक घरी यायला लागले. आकेंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की पैज गेली तिकडे, पण आता फोटो झालाच पाहिजे, म्हणाले. निरोपाचं मात्र नाव काढेनात. बातमाने एकदा आठवण केली, तर ऐकू येत नसल्यासारखं करून उठून गेले. जार्किनच्या जिवाची काय तगमग होत होती ती तिलाच ठाऊक. मेदेरला डोंगरापलीकडच्या रस्त्यावर लावलं होतं. तिथून तो येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांबरोबर नुसता निरोप धाडायचा, की मी आहे तिथे उभा आहे, हललेलो नाही.

पुढच्या शनिवारी आकेंनी गावात बजावून ठेवलं, की संध्याकाळी काठावर कुणी फिरकायचं नाही. वाट मोकळी होती. ते खांबाला टेकून उभे राहिले. जार्किनने झुडपाआडून झाकण काढलं आणि अंगाई सुरू केली, या वेळी मनातच. आके असे उभे होते, की घोड्यानेसुद्धा त्यांच्याकडून शिकावं.

अंगाई अर्ध्यावर आली आणि वाटेवर काठी टेकत टेकत कुलिपा-एजे आल्या.

कुलिपा-एजे म्हणजे आकेंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीने त्यांना पाठीवर बांधून वाढवलं होतं. गावात आके ज्यांच्यासमोर आधी वाकत, असं ते एकच माणूस होतं. त्यांना दूरचं नीट दिसत नसे, पण धाकट्या भावाला त्यांनी ओळखलं आणि त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबल्या. सलामाची वाट पाहिली.

आकेंचा घसा हललेला जार्किनला लांबूनही दिसला. बाकी काही हललं नाही.

एजेंनी विचारलं, तुर्दाकून, बरा आहेस ना? उत्तर नाही. मग विचारलं, कुणी गेलं का? काही लपवतोयस का? उत्तर नाही. मग मात्र त्यांचा तोल गेला. तुला पाठीवर घेऊन मी बर्फातून चालले, माझ्या वाटची साय तुला घातली, आणि आज तुला माझ्याशी बोलायला जड झालं का, असं म्हणून त्यांनी काठीने खांबावर एक सणसणीत तडाखा हाणला आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत गावाकडे वळल्या. आके तसेच. फक्त त्यांच्या गालावरून काहीतरी चमकत खाली गेलं. एवढं बारीक, की काचेने त्याची दखल घेतली नाही.

जार्किनने झाकण लावलं. आके परत जाताना घोड्यावरसुद्धा बसले नाहीत. लगाम धरून चालत घरी आले.

आठवडाभर कुलिपा-एजेंचं दार त्यांना बंद होतं. गाव म्हणे, म्हाताऱ्याचं डोकं खरंच गेलं. फोटो आला त्या दिवशी आकेंनी चहापत्तीचं पुडकं घेतलं, खडीसाखर घेतली, फोटो छातीशी धरला, आणि जार्किनला बरोबर घेऊन बहिणीच्या अंगणात जाऊन उभे राहिले. एजे पाठ करून वाळलेल्या जर्दाळूंच्या बिया काढत बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

आकेंनी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. "एजे, काठीच्या आवाजावरून मी तुम्हाला ओळखलं होतं. सलाम अगदी ओठांवर आला होता. वाटलं, आता तोंड उघडलं तर इतका वेळ उभा राहिलो ते सगळं फुकट जाईल. तुम्ही बोलत होता ते सगळं ऐकलं मी. एका फोटोसाठी तुम्हाला उत्तर दिलं नाही."

एजेंचे हात थांबले. त्यांनी मागे हात करून फोटो घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. फोटोत त्यांचा भाऊ सुरकुतीन् सुरकुतीसकट उभा होता, राजासारखा, आणि मागे सगळं तळं शांत होतं.

"यासाठी?" त्या म्हणाल्या.

"यासाठी."

"तू हे स्वतःचं तोंड बघायला केलंस. आणि ज्याला तू दारातून परत पाठवलंस, त्या पोराने कशासाठी केलं होतं?"

 आकेंनी जार्किनकडे पाहिलं. तिला आठवत होतं तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या मुलीसाठी," ते म्हणाले.

"मग तो तुझ्यापेक्षा बरा निघाला," कुलिपा-एजे म्हणाल्या आणि जर्दाळूचं ताट भावाच्या पुढे सरकवलं. "बस खाली. आणि कुणाला तरी पाठव त्याच्या आईकडे."

कुणाला तरी पाठवायची गरज पडली नाही. आके दुसऱ्या दिवशी पहाटेच घोड्यावर बसून स्वतः डोंगरापलीकडे गेले. मेदेर गाडीखाली शिरून काहीतरी दुरुस्त करत होता. त्याला नुसते घोड्याचे पाय दिसले, आणि मग वरून आवाज आला, "सलाम आलेइकुम, मुला." थोरल्याने धाकट्याला आधी केलेला सलाम. मेदेर इतक्या घाईने बाहेर आला, की कपाळाला टेंगूळ आलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते दिसतं.

झुमके ऑक्टोबरात जार्किनच्या कानांत पडले, तेच, रुमालात परत गेलेले. लग्नात कोक-बुलुनचे आणि डोंगरापलीकडचे घोडे शर्यतीत धावले, पाच कढयांत कणकेचे बोरसोक तळले गेले, आणि आकेंनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा इतका कुमिस रिचवला, की येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो दाखवून ते सांगू लागले, हा मी आहे, आणि हे माझ्या मुलीने केलंय.

तो फोटो त्या हिवाळ्यात राजधानीतल्या प्रदर्शनात लागला. पहिला आला. आके स्वतः बघायला गेले, दिवसभर त्याच्याशेजारी उभे राहिले, आणि लोकांनी दोघांना ओळखावं म्हणून कालपाक काढलाच नाही. ते पुढे पुष्कळ जगले. त्यांच्या थडग्याच्या दगडावर तोच चेहरा कोरला आहे. कुलिपा-एजे नव्वदी पार करून गेल्या. त्या दिवशी काठावर भावाला भेटायला या, असा निरोप आपल्याला बातमाने पाठवला होता, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बातमाने मात्र सगळ्यांना सांगितलं. बातमा आता स्वतः सासू आहे, आणि तिच्या सुनांना तिच्याशी थेट बोलायची मुभा आहे. मेदेरने त्या रस्त्यावर तीस वर्षं गाड्या चालवल्या, तीन मुलांना गाडी शिकवली, आणि घरी आला की आजही दोन मिनिटं एका जागी बसत नाही. उस्ताद निवृत्त झाल्यावर स्टुडिओ जार्किनकडे आला. काठावरच्या दोन पिढ्यांच्या नवरीमुलींचे फोटो तिने काढले. संध्याकाळचं तळं मात्र ती अजून काढते, कारण मनासारखं झालं असं तिला अजून वाटत नाही.

आणि कोक-बुलुनमध्ये एक नवी रीत पडली ती पडलीच. धक्क्यावर कुणी कॅमेऱ्यासमोर उभं असेल, तर गावातला सगळ्यात म्हातारा माणूससुद्धा वाटेत घोडा थांबवतो, गप्प बसून राहतो, आणि झाकण लागल्यावर सलाम घेतो. बाहेरून आलेल्यांना वाटतं, या गावात कुणी कुणाशी बोलत नाही. मग झाकण लागतं, आणि सगळे एकदम बोलायला लागतात.